स्टेटस पाहून कामावरून काढावे का? खान्देशातील मालक-चालकांसाठी कार्यपद्धती

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यात, धुळ्याच्या एखाद्या तेलगिरणीत किंवा नंदुरबारच्या मिरची पथारीवर काम करणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी शब्दाखातर कामाला लागलेला असतो. त्याचे गाव मालकाला ठाऊक असते आणि त्याच्या घरच्या लग्नाला मालक जाऊन आलेला असतो. अशा माणसाने रात्री साडेअकराला मोबाइलवर एखाद्या समाजाविषयी, एखाद्या महापुरुषाविषयी किंवा एखाद्या स्त्रीविषयी घाणेरडे काही लिहिले आणि सकाळी त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरला, म्हणजे मालकापुढचा प्रश्न निव्वळ कायद्याचा राहत नाही. गेटवर पंधरा-वीस जण निवेदन घेऊन उभे असतात, त्यांतले निम्मे ओळखीचे असतात, आणि सर्वांची मागणी एकच असते: याला आजच्या आज काढा.

कर्मचारी विभागात बावीस वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, बहुतेक प्रकरणांत काढू नये. मात्र काही थोड्या प्रकरणांत न काढणे हाच बाकीच्या कामगारांवर अन्याय असतो. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी ‘विधान किती वाईट आहे?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाच्या जातीधर्मानुसार आणि पक्षानुसार बदलते. उपयोगी प्रश्न असा आहे: हे बोलून झाल्यावर हा माणूस हेच काम, याच माणसांबरोबर, कोणाला भीती किंवा अपमान न वाटता करू शकेल का? पुढची सगळी पद्धत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळवण्यासाठी आहे.

पहिल्या दिवशी

पहिल्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे काम होते. निवेदन घेऊन आलेल्यांना आत बसवावे, पाणी द्यावे, निवेदनाच्या प्रतीवर तारीख घालून पोच द्यावी आणि ‘सात दिवसांत आमची प्राथमिक तपासणी पूर्ण होईल’ असे सांगावे. कारवाई काय होईल, याचे आश्वासन देऊ नये. कोणी गुन्हा नोंदवण्याची भाषा केली तर त्यांना पोलीस ठाण्याचा मार्ग मोकळा आहे, असे शांतपणे सांगावे. दोन समाजांत तेढ निर्माण करणे, धार्मिक भावना दुखावणे, अफवा पसरवणे यांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे १९६, २९९ आणि ३५३ ही कलमे आहेत. ती लावायची की नाही हे पोलीस आणि न्यायालय ठरवतील. मालकाने स्वतःला ठाणेदार समजण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. कामगाराला गेटवर बोलावून जमावापुढे कान धरायला लावणे, नाक घासायला लावणे, त्याचा माफीचा व्हिडिओ काढून तोच पुन्हा फिरवणे, हा प्रकार गेल्या काही वर्षांत फार बोकाळला आहे. मी एका ठिकाणी तो डोळ्यांदेखत पाहिला आणि अडवू शकलो नाही, याची मला आजही लाज वाटते. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, आणि पुढे महिनाभर त्याच्या विभागात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलत नव्हते. ज्याच्या आवारात हे घडते तो मालक त्याचा साक्षीदारच नव्हे, तर भागीदार ठरतो.

त्या दिवशी कामगाराला आवारात ठेवणे धोक्याचे वाटत असेल, तर त्याला लेखी पत्र देऊन भरपगारी रजेवर घरी पाठवावे. ‘घरी बस, मग कळवतो’ असे तोंडी सांगू नये. आपल्याकडे कामगार न्यायालयात जाणारे कितीतरी वाद याच तोंडी वाक्यातून सुरू होतात; मालक म्हणतो की तो स्वतःच यायचा बंद झाला, कामगार म्हणतो की मला काढले, आणि कागद कोणाकडेच नसतो.

ठेकेदाराच्या हाताखालच्या कामगाराबाबत तर हा मोह अधिकच असतो. ठेकेदाराला एक फोन करायचा, उद्यापासून त्या माणसाचा गेटपास बंद, आणि आपले हात स्वच्छ! कायद्याच्या भाषेत हे किती टिकेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एकाच वाक्यासाठी कायम कामगाराला चौकशी आणि ठेक्याच्या कामगाराला दरवाजा, हे इतर सर्व जण पाहत असतात. ज्या चौकशीचा हक्क कायम कामगाराला, तिचे निदान साधे रूप ठेक्याच्या माणसालाही द्यावे.

मजकूर खरा आहे का

स्क्रीनशॉट हा पुरावा नसून पुराव्याची सुरुवात आहे. मोबाइल त्याचाच आहे का, त्या वेळी तो कोणाच्या हातात होता, मजकूर त्याने स्वतः लिहिला की आलेला पुढे ढकलला, आणि तो कालचा आहे की चार वर्षांपूर्वीचा आज कोणी उकरून काढला आहे, हे एकेक करून पाहावे. घरातला एकच मोबाइल बाप, मुलगा आणि पुतण्या वापरतात ही आपल्याकडची साधी वस्तुस्थिती आहे. नावसाधर्म्यही आपल्याकडे कमी नाही. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात. ज्याने स्क्रीनशॉट आणला त्याच्या मोबाइलवर मूळ मजकूर पाहावा, गटाचे नाव, क्रमांक, तारीख व वेळ टिपून घ्यावी आणि दोन जणांच्या सह्यांचा पंचनामा करावा. खात्यांतर्गत चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे सगळे काटेकोर नियम लागू नसले, तरी प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा विषय निघतो. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा ज्याच्या मोबाइलवर मूळ मजकूर आहे त्याला तो पुसू नको, असे आजच सांगून ठेवावे.

गटाच्या अ‍ॅडमिनवर राग काढण्याची एक पद्धत आहे. हिवाळ्यात भरीत पार्टीसाठी विभागाचा गट काढणारा बिचारा फोरमन पुढे वर्षभर त्या गटाचा अ‍ॅडमिन राहतो, आणि कोणी काही टाकले की पहिली नोटीस त्याच्या हातात पडते. गटातील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणालाही जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

भाषेचाही विचार करावा. अहिराणीत वडीलधाऱ्यांना एकेरी हाक मारण्यात अनादर नसतो, आणि जवळच्या मित्राला घातलेली शिवी ही पुष्कळदा विचारपूसच असते. पुण्याहून आलेल्या नव्या व्यवस्थापकाला जे उद्धट वाटते ते पारोळ्याच्या माणसाला रोजचे बोलणे वाटते. याचा अर्थ अहिराणीच्या आडून काहीही खपवावे असा नाही; समाजावरून, जातीवरून किंवा बाईच्या अब्रूवरून केलेले वार कोणत्याही बोलीत वारच असतात. परंतु चौकशी करणाऱ्यांत ती बोली जाणणारा निदान एक माणूस असलाच पाहिजे.

कामाशी संबंध कसा शोधावा

या टप्प्यावर घाई झाली की पुढचे सगळे चुकते, म्हणून येथे थोडे थांबतो.

सर्वोच्च न्यायालयाने दोन जुन्या निवाड्यांत याची चौकट घालून दिली आहे. टाटा ऑइल मिल्सच्या प्रकरणात, १९६४ मध्ये, कारखान्याबाहेर एका कामगाराने सहकाऱ्याला मारहाण केली होती. न्यायालयाने म्हटले की दोन माणसांचे निव्वळ खासगी भांडण कारखान्याच्या शिस्तीखाली येत नाही, कामाशी काही तर्कसंगत संबंध दिसला पाहिजे. पण येथे ती मारहाण बोनसच्या योजनेला पाठिंबा देणाऱ्यांना धाक बसावा म्हणून झाली होती, त्यामुळे ती गैरवर्तनच ठरली. पुढे १९८३ च्या ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या निवाड्यात न्यायालय आणखी स्पष्ट झाले: स्थायी आदेशात, म्हणजे सेवाशर्ती आणि गैरवर्तनाचे प्रकार ठरवून देणाऱ्या कारखान्याच्या प्रमाणित नियमांत, ‘आस्थापनेच्या आवारात किंवा लगत’ असे शब्द असतील, तर मालकाला ते ताणून वाटेल तेथपर्यंत नेता येणार नाहीत. शिक्षा देणारा नियम मोघम असेल तर त्याचा फायदा कामगाराला मिळतो.

हे निवाडे मोबाइलच्या आधीचे आहेत, तरी तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. त्यातून माझ्यापुरता मी एक क्रम बसवला आहे. विधान कोणाविषयी आहे, ते कोणापर्यंत पोहोचले, बोलणाऱ्याच्या हातात कोणावरचा अधिकार आहे, आणि त्याने आस्थापनेचे नाव किंवा गणवेश वापरला का, असे चार प्रश्न त्या क्रमाने विचारायचे.

धरून चालू की चटईच्या यंत्रावरील एका ऑपरेटरने शेजारच्या समाजाबद्दल ‘यांना शहरातून हाकलले पाहिजे’ असे स्टेटस ठेवले. त्याच्या पाळीत त्या समाजाचे सहा कामगार आहेत आणि स्टेटस त्यांनी पाहिले आहे. धुळ्याने २००८ आणि २०१३ मध्ये दंगली पाहिल्या आहेत, आणि अशा शहरांत हे वाक्य निव्वळ मत म्हणून वाचले जात नाही. सहाही जणांच्या मनात पहिला विचार रात्रपाळी संपवून घरी कसे जायचे हा येतो. विधान कारखान्याबाहेरचे असूनही कामाशी संबंध येथे उघड आहे. आता तोच ऑपरेटर एकटाच रात्रपाळीला राखण करणारा असता आणि स्टेटस त्याच्या नातेवाइकांनीच पाहिले असते, तर वाक्य तितकेच किळसवाणे राहिले असते, पण मालकाचा त्यावरचा अधिकार फार थोडा उरला असता.

अधिकाराचा मुद्दा याहून मोठा आहे. पंपावर पेट्रोल भरणाऱ्याचे आणि शाळेतल्या शिक्षकाचे एकच वाक्य सारखे नसते. शिक्षक, परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक, वसतिगृहाचा अधीक्षक, भरती करणारा अधिकारी, यांच्यापुढे येणाऱ्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. एखाद्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचा अधीक्षक आदिवासी समाजाविषयी तुच्छतेने लिहीत असेल, तर त्या मुलींनी उद्या त्याच्याकडे तक्रार कशी घेऊन जायची? येथे मी काढण्याच्या बाजूचा आहे. निदान त्या पदावरून तरी हलवावेच.

सहकारी स्त्रीविषयी अश्लील मजकूर असेल तर हा मार्गच वेगळा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तिच्याकडे जाते, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. मालकाने मध्येच दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणू नये. त्याचप्रमाणे मजकुरात प्रत्यक्ष धमकी असेल तर फार विचार करण्यासारखे काही उरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूत एका स्त्रीच्या कपड्यांवरून तिच्यावर अ‍ॅसिड टाकण्याची धमकी देणाऱ्याला त्याच्या कंपनीने काढून टाकले. त्या निर्णयात मला काही वावगे दिसत नाही.

उलट टोकाला दोन प्रकार येतात, आणि तेथे मालकाने हात आवरावा. पहिला राजकीय मताचा. निवडणुकीच्या दिवसांत कोणी मंत्र्याला गद्दार म्हटले, कोणी आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात लिहिले, की लगेच फोन येतात. फोन करणारा नेता कधी मालकाचा व्याहीही असतो! तरीही मत हे गैरवर्तन नव्हे. खान्देशाला हे सांगायला नको. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून १९३० मध्ये सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींचा फोटो आपण भिंतीवर लावतो, तो त्यांनी सरकारला रुचेल असे बोलून मिळवलेला नाही.

दुसरा प्रकार मालकावरच्या टीकेचा. ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत, साहेब तोंड पाहून पाळी लावतात, असे कामगाराने गटावर लिहिले तर ते मालकाला फार लागते. मला वाटते समाजावरच्या टीकेपेक्षाही जास्त लागते. तमिळनाडूतील एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्यवस्थापनाची टिंगल केल्याबद्दल त्याला दिलेले आरोपपत्र मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले आणि कर्मचाऱ्यांना आपापसांत मनातले ओकून टाकण्याचा हक्क असल्याचे म्हटले. ओव्हरटाइमची तक्रार खरी आहे का, हे आधी हजेरीपटावर पाहावे.

नियम कोणता आणि तो लागू आहे का

येथे बहुतेक लहान कारखानदार अडकतात. महाराष्ट्रात पूर्वी ५० कामगारांपासून स्थायी आदेश लागू होत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली आहे. म्हणजे आपल्या परिसरातील चटई, डाळ, जिनिंग, पाइप यांच्या बहुसंख्य लहान कारखान्यांत गैरवर्तनाची व्याख्या सांगणारा दस्तऐवज म्हणून नेमणूक पत्र आणि कारखान्याचे स्वतःचे नियम एवढेच उरते. नेमणूक पत्रच दिलेले नसेल, तर ज्याचा भंग झाला तो नियम दाखवायचा कोठून? नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक केले आहे, तेव्हा ते काम तरी आता टाळू नये.

‘भाषणस्वातंत्र्य आहे, म्हणून काही करता येत नाही’ हेही चूक आणि ‘खासगी कंपनी आहे, म्हणून काहीही करता येते’ हेही चूक. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातील स्वातंत्र्य मुख्यतः शासनाविरुद्धचे आहे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात लढा उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर हा गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले. तो निर्णय शासनाच्या अधिकाराला आळा घालणारा होता. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुध कारखाना, जिल्हा परिषद, विद्यापीठ येथे तो युक्तिवाद थेट करता येतो. खासगी मालकाला अडवतो तो मुख्यतः कामगार कायदा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणि नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही बडतर्फीचे काही प्रकार अनुचित ठरवले आहेत: सूडबुद्धीने केलेली, उघडउघड खोट्या कारणाने केलेली, नैसर्गिक न्यायाला (म्हणजे बाजू मांडण्याची संधी देऊन निःपक्ष निर्णय घेण्याच्या तत्त्वाला) डावलून किंवा अवाजवी घाईने केलेली, आणि किरकोळ गैरवर्तनासाठी धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणारी. गेटवरच्या जमावाच्या मागणीवरून त्याच दिवशी काढलेला कामगार यांतल्या निदान दोन कारणांवर बोट ठेवू शकतो.

खोट्या कारणाविषयी आणखी एक. एप्रिल २०१८ मध्ये कठुआ प्रकरणात बलात्कार करून मारल्या गेलेल्या बालिकेविषयी निर्घृण टिप्पणी करणाऱ्या कोचीच्या एका बँक कर्मचाऱ्याची नोकरी गेली. बँकेने जाहीर केले की त्याला कामगिरी समाधानकारक नसल्याने काढले आहे, आणि त्याच निवेदनात त्याच्या टिप्पणीचा निषेधही केला. त्या टिप्पणीचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु आपल्याकडच्या मालकाने हा नमुना उचलू नये. कागदावर एक कारण आणि तोंडी दुसरे, असे झाले की न्यायालयात दोन्ही लंगडी पडतात. जे कारण आहे तेच लिहावे, आणि लिहिण्याची लाज वाटत असेल तर त्या कारणाने काढू नये.

चौकशी

कारणे दाखवा नोटिशीत कामगाराचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. ‘आपण समाजात तेढ निर्माण होईल असे वर्तन केले’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यावर काय उत्तर द्यावे हेच त्याला कळत नाही. त्याऐवजी अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक क्रमांकावरून, विभागातील ३४ कामगार असलेल्या गटावर आपण पुढील मजकूर पाठवला, असे लिहून खाली मजकूर द्यावा आणि कोणत्या नियमाचा भंग झाला त्याचा क्रमांक घालावा. नोटीस मराठीत असावी. उत्तरासाठी निदान सात दिवस द्यावेत. ‘दोन तासांत खुलासा करा’ हा प्रकार नोटीस या शब्दाचीच थट्टा आहे.

खुलासा असमाधानकारक वाटला तर आरोपपत्र आणि चौकशी. चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदार नसावा, आणि मजकुराने ज्याचा अपमान झाला त्या समाजाचा किंवा पक्षाचा कार्यकर्ताही नसावा. बाहेरचा वकील नेमणे परवडत नसेल तर दुसऱ्या कारखान्यातील अनुभवी व्यवस्थापक चालतो. कामगाराला सोबतीला सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी घेऊ द्यावा, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि रोजच्या कामकाजाच्या नोंदीची प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात ठेवावी. चौकशीपर्यंत निलंबित केले तर पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते. त्यानंतरही विलंब कामगारामुळे नसेल तर पाऊण. नवी संहिता ही चौकशी सामान्यतः ९० दिवसांत संपवायला सांगते. प्रत्यक्षात अशा प्रकरणात साक्षीदार तीन-चारच असतात, आणि मनावर घेतले तर तीन आठवडे पुरतात.

शिक्षणसंस्थांनी मात्र वरचा परिच्छेद आपल्यासाठी नाही असे समजावे. अनुदानित आणि मान्यताप्राप्त खासगी शाळांना १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. तेथे तीन सदस्यांची चौकशी समिती लागते, तिच्यात एक सदस्य कर्मचाऱ्याने सुचवलेला असतो, आणि काढलेला शिक्षक ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. संस्थाचालकांच्या बैठकीत हात वर करून झालेला ठराव तेथे टिकत नाही, मग अध्यक्ष कितीही वजनदार असोत.

शिक्षा किती

काढणे आणि सोडून देणे या दोहोंच्या मध्ये ताकीद, वेतनवाढ रोखणे, काही दिवस बिनपगारी निलंबन, दुसऱ्या विभागात बदली, पर्यवेक्षकाचे पद काढून घेणे, असे कितीतरी पर्याय आहेत, आणि आपले मालक ते विसरतात. न्यायालयांनीही एकच मापदंड लावलेला नाही. १९८४ मध्ये डेल्टन केबलच्या प्रकरणात शिवीगाळीसाठीची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने धक्कादायक ठरवली. २००५ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात वरिष्ठाला गलिच्छ शिव्या देणाऱ्याची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम ठेवली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, दिल्लीच्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले होते की शिवीचे गांभीर्य कोणत्या वातावरणात, कोणत्या परिस्थितीत ती निघाली यावर ठरते. म्हणून निकालपत्रात कामगाराची सेवेची वर्षे, पूर्वीची ताकीद, त्याचा खुलासा आणि पश्चात्ताप यांचा विचार केल्याचे शब्दांत लिहावे.

माफीविषयी माझा एक हट्ट आहे. जमावाकडे मागितलेली माफी मी मोजत नाही. ज्या सहा जणांना रात्रपाळीची भीती वाटली, त्यांच्यासमोर बंद खोलीत, कोणाचा मोबाइल चालू नसताना, तो माणूस स्वतःच्या शब्दांत काय म्हणतो आणि ते सहा जण त्यावर काय म्हणतात, हे मोजावे. त्यांनी ‘ठीक आहे, राहू द्या’ म्हटले तर मालकाने अधिक कठोर व्हायचे कारण सहसा उरत नाही. पण मालकाच्या दबावाखाली हो म्हणवून घेऊ नये. प्रत्येकाला एकेकटे विचारावे. आणि सर्व काही समजावूनही जो ‘मी बोललो त्यात काय चुकले?’ यावर अडून राहतो, त्याच लोकांबरोबर काम करतो आणि पुन्हा तेच लिहितो, त्याला बडतर्फ करायला मी कचरणार नाही.

निकाल देण्यापूर्वी मालकाने स्वतःचा मोबाइलही एकदा चाळावा. तसलाच मजकूर मालकाच्या पुतण्याने पुढे ढकलला होता आणि त्याला कोणी काही म्हटले नव्हते, हे कामगार विसरत नाहीत. भेदभावाचा मुद्दा चौकशीत निघाला तर तो निकाली काढायला मालकाचा आब पुरत नाही.

बाहेरच्यांना काय सांगावे

व्यापारी, गिऱ्हाईक, पत्रकार विचारतात. त्यांच्यासाठी चार ओळी पुरेशा आहेत: ‘आमच्या एका कर्मचाऱ्याच्या नावाने फिरत असलेला मजकूर आमच्या निदर्शनास आला आहे. तो आस्थापनेचा नाही. नियमानुसार चौकशी सुरू आहे. ती पूर्ण होईपर्यंत याविषयी बोलणे योग्य होणार नाही.’ यात कामगाराचे नाव नाही, दोषी असा शब्द नाही आणि बडतर्फीचे आश्वासन नाही. माल घेणे बंद करू, अशी धमकी देणारा मोठा गिऱ्हाईक असेल तर त्याला प्रत्यक्ष जाऊन भेटावे. माझ्या अनुभवात असे गिऱ्हाईक आठ दिवस थांबतात, कारण त्यांनाही माल हवाच असतो.

पुढच्या वेळेसाठी एक पानाचा नियम मराठीत करून ठेवावा. त्यात कामगारांनी खासगी आयुष्यात काय लिहावे याची यादी देऊ नये. ती कधीच पुरी होत नाही आणि झाली तरी न्यायालयात मोघम ठरते. सहकाऱ्यांना धमकी किंवा जातीधर्मावरून अपमान, आस्थापनेच्या नावाने किंवा गणवेशात केलेले विधान, आणि कामाच्या गटांवर कामाबाहेरचा मजकूर, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात, आणि मालक व व्यवस्थापकही त्यास बांधील आहेत असे शेवटी नमूद करावे. पगाराच्या दिवशी तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि सह्या घ्याव्यात.

ज्याला ठेवले, तो परत येईल त्या सकाळी मालकाने पाळी सुरू होताना स्वतः हजर राहावे. पर्यवेक्षकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की टोमणे आणि टोपणनाव चालणार नाही, आणि ज्यांचा अपमान झाला होता त्यांच्याही पाठीमागे कोणी ‘तुमच्यामुळे झाले’ असे म्हणणार नाही. त्याचे यंत्र तेच असेल किंवा बदललेले असेल, पण हजेरीपटावर त्याचे नाव जुन्याच क्रमांकावर असावे.